देवाची पालखी आणि मामलेदाराची सही : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या खेपेच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे जास्त आली. सरकार आणि देवधर्म यांनी एकमेकांच्या किती जवळ असावे, हा तो विषय. गोव्यातल्या मामलेदार कचेरीत देवस्थानांचे टेबल मी बरीच वर्षे सांभाळले, म्हणून संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे दिली. पत्रे लांबलचक होती. त्यांचा गाभा तेवढा खाली ठेवला आहे.

आमच्या पंचायतीच्या नव्या इमारतीत सरपंचांनी सत्यनारायण घातला. निमंत्रण पंचायतीच्या शिक्क्यानिशी होते. एक ख्रिस्ती पंच पूजा संपेपर्यंत व्हरांड्यात बसून राहिले. मी घरी दरवर्षी सत्यनारायण करतो, तरीही मला हे खटकले. कायद्यात हे बसते का? (वाचक, बार्देश)

सरकारी कार्यालयात पूजा करू नये असे सरळ सांगणारे कलम राज्यघटनेत नाही. अमेरिकेने १७९१ च्या दुरुस्तीने सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करायला मनाई केली. फ्रान्सने १९०५ च्या कायद्याने चर्चचा आणि सरकारी तिजोरीचा संबंध तोडला. आपल्याकडे तशी भिंत बांधली गेली नाही. आपली २५ ते २८ ही कलमे वेगळ्या रीतीने बोलतात. प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मोकळीक आहे, एखाद्या धर्माच्या प्रसारासाठी कर लावता येत नाही, आणि पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. गुजरातेत न्यायालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन झाले, त्याविरुद्ध एक नागरिक उच्च न्यायालयात गेला होता. २०११ मध्ये त्याची याचिका फेटाळली गेली आणि त्यालाच खर्चाचा भुर्दंड बसला. तेव्हा कोर्टात जाऊन ही पूजा बेकायदा ठरवून घेणे सोपे नाही, हे आधीच सांगतो.

पण तुम्ही पैशांचा प्रश्न विचारू शकता, आणि विचारावा. भटजींची दक्षिणा, प्रसाद, मंडप हे वर्गणीतून झाले की पंचायत निधीतून? माहिती हक्काचा अर्ज पंचायत सचिवांकडे द्या. दहा रुपये फी आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. खर्चाची पावती आणि त्या खर्चाला मंजुरी देणारा ठराव, अशी दोन्ही कागदपत्रे मागा. खर्च निधीतून झाला असेल तर ग्रामसभेत उभे राहून विचारा की हा खर्च पंचायतीच्या कोणत्या कामात बसतो. पाणी, गटार, रस्त्यावरचे दिवे, घरपट्टी या यादीत पूजा बसवून दाखवणे सरपंचांना जड जाईल.

आता मला जे वाटते ते. आमच्या कचेरीत दसऱ्याला टेबलांवर झेंडूची फुले पडायची, टाईपरायटरला माळ असायची, आणि नाताळात खिडकीत कागदी नक्षत्र लागायचे. कुणी हुकूम काढलेला नव्हता. ज्याच्या मनात येई तो करी, न येई तो काम करीत राही. त्यात मला कधी वावगे दिसले नाही. तुमच्या पंचायतीत मात्र शिक्का वापरला गेला. तो शिक्का त्या व्हरांड्यात बसलेल्या पंचांचाही होता. लोकांनी मते देऊन त्यांना त्या खोलीत बसायचा हक्क दिला, आणि उद्घाटनाच्या दिवशीच त्यांना बाहेर बसावे लागले. तुम्ही स्वतः सत्यनारायण करणारे असून हे तुम्हाला दिसले, म्हणून ग्रामसभेत बोलायचे ते तुम्हीच बोला. तुमचे म्हणणे कुणाला परक्याचे म्हणून झटकता येणार नाही.

मी आमच्या देवस्थानाचा महाजन, म्हणजे घराण्याच्या हक्काने सभासद. सभामंडपाची कौले बदलायची म्हटली तरी अंदाजपत्रक मामलेदाराकडे जाते. शेजारच्या इगर्जीत (चर्चमध्ये) मात्र पाद्री आणि फाब्रिका, म्हणजे चर्चची कारभारी समिती, आपले आपण ठरवतात. मग सरकार धर्मापासून वेगळे आहे ते कुठे? (एक महाजन, फोंडा तालुका)

तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला द्वेषाचा वास नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१९१० पर्यंत पोर्तुगालात राजेशाही होती आणि १८२६ च्या सनदेनुसार रोमन कॅथलिक हा राज्याचा धर्म होता. हिंदूंच्या देवस्थानांसाठी सरकारने १८८६ मध्ये माझनीचे, म्हणजे महाजनांच्या मंडळाचे, नियम केले. १९१० मध्ये प्रजासत्ताक आले आणि २० एप्रिल १९११ रोजी चर्च आणि सरकार वेगळे करणारा कायदा झाला. गोव्यातल्या हिंदूंना सरकारी नोकऱ्यांची आणि नागरिक म्हणून बरोबरीची वाट मोकळी झाली ती या काळात. आमच्या घरात आजोबा त्या वर्षांविषयी फार आदराने बोलत. पण देवस्थानांवरचा सरकारी हात काही निघाला नाही. १९३३ मध्ये देवस्थानांची नवी नियमावली आली, आणि आजही आपण तिच्यावरच चालतो. मुक्तीनंतर १९६२ च्या संसदेच्या कायद्याने जुने कायदे, ते बदलले किंवा रद्द केले जाईपर्यंत, चालू ठेवले गेले. ही नियमावली त्यांतलीच. मामलेदार हा तालुक्यातल्या देवालयांचा प्रशासक. महाजनांची नोंद, दर तीन वर्षांनी समितीची निवड, अंदाजपत्रक, वर्षाचा हिशेब, सगळे त्याच्यापुढे येते.

इगर्जीचे व्यवहार चर्चच्या स्वतःच्या व्यवस्थेने चालतात. त्यांच्या अंदाजपत्रकावर मामलेदाराची सही लागत नाही. हा फरक खरा आहे. तो ख्रिस्ती शेजाऱ्याने केलेला नाही आणि दिल्लीनेही नाही. वसाहतीच्या सरकारने जे ज्या हातात ठेवले, ते तसेच पुढे आले. तुमच्या रागाचा रोख पाद्रीबाबांकडे जाऊ देऊ नका, एवढीच विनंती.

माझ्या टेबलावर काय यायचे ते सांगतो. हिशेबाच्या वह्या यायच्या, त्यांत कधी फंडपेटीची रक्कम आणि बँकेत भरलेली रक्कम जुळायची नाही. देवस्थानच्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) पावणीचे, म्हणजे लिलावाचे, कागद यायचे. महाजनांच्या यादीत नाव घालण्यावरून चुलत्या-पुतण्यांचे अर्ज यायचे. आणि जत्रेच्या आधी हटकून यायचे ते मानाचे तंटे. पालखीला पहिला खांदा कुणाचा, देवाला कौल लावताना पुढे कुणी बसायचे, पहिला प्रसाद कुणाच्या हातात. एका जत्रेच्या आदल्या रात्री दोन्ही बाजूंचे लोक कचेरीच्या पायरीवर बसून होते आणि मामलेदार टॉर्चच्या उजेडात जुना ठराव वाचत होते. ते मामलेदार ख्रिस्ती होते. देवस्थानच्या वहीवर सही करताना त्यांनी कधी देवाबद्दल शब्द काढला नाही. शिल्लक का जुळत नाही, एवढे मात्र ते सोडत नसत. त्या वेळी गावातला एक साधा महाजन मला म्हणाला होता, या माणसाला आमच्यात पाहुणा नाही की सोयरा नाही, म्हणून याच्यावर आमचा विश्वास. सरकारी माणसाने देवळाच्या दारात कसे उभे राहावे, ते मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

घटनेचे २५ वे कलम सरकारला धर्माशी जोडलेल्या आर्थिक व्यवहारांवर नियंत्रण ठेवू देते. २६ वे कलम धर्माच्या बाबी त्या त्या संप्रदायाकडे सोपवते. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन खटल्यांत, एक मद्रासेकडचा शिरूर मठाचा आणि दुसरा मुंबई राज्यातला रतिलाल गांधींचा, ही रेघ ओढून दिली. मालमत्तेच्या कारभाराला कायद्याने वळण लावता येईल, पण कारभाराचा हक्कच पूर्ण काढून दुसऱ्याच्या हाती देता येणार नाही, आणि पूजा कशी करायची ते सरकार सांगणार नाही.

माझे मत असे की हिशेब तपासावा, निवडणूक निष्पक्ष व्हावी, गैरव्यवहाराची तक्रार आली तर चौकशी व्हावी. आणि हे जनतेकडून दान घेणाऱ्या सगळ्यांना एकाच मापाने लागू व्हावे, देवस्थान असो, इगर्ज असो की मशीद. कौले बदलायची परवानगी, पालखीचा खांदा, कौलाचा मान यांतून सरकारने बाहेर पडावे. मामलेदाराला पूर येतो तेव्हा धावायचे असते, जमिनीचे म्युटेशन करायचे असते, मतदारयादी बघायची असते. त्याचा वेळ नारळ कुणी फोडायचा यात जाऊ नये. हा बदल विधानसभेतच होईल. तुम्ही महाजनांनी मिळून आपल्या आमदाराला तसे लेखी द्या, आणि त्या निवेदनात दुसऱ्या धर्माचे नावही घेऊ नका. तुमची मागणी तिच्या स्वतःच्या बळावर उभी राहील.

एक मात्र विसरू नका. मामलेदाराची नजर हटली की समितीतल्या बलवान घरांना मोकळे रान मिळू शकते. जे महाजन आज प्रशासकाला कंटाळले आहेत, त्यांतलेच काही उद्या हिशेब मागायला कुठे जायचे म्हणून विचारतील. त्यासाठी सगळ्या महाजनांपुढे दरवर्षी हिशेब वाचून दाखवण्याची सक्ती कायद्यात असायला हवी.

पोर्तुगीजांनी आमची देवळे पाडली. ती सरकारने पुन्हा बांधली तर आक्षेप कशाला? आणि गरीब म्हाताऱ्यांना तिरुपतीला, शिर्डीला नेले तर कुणाच्या पोटात का दुखावे? (वाचक, डिचोली)

देवळे पाडली गेली हे खरे आहे, आणि ते सांगताना आवाज खाली करायची गरज नाही. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, आली ती जीव मुठीत धरून. १५४१ च्या सुमारास तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवले गेले. ज्या गावकरीने, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने, देवळासाठी शेत राखून ठेवले होते, त्याच गावकरीच्या शेताचे भात दुसऱ्याच्या कोठारात गेले. तिजोरी आणि धर्म एका हातात आले की काय होते, हे गोमंतकीयाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणूनच मला वाटते की हे सर्वांत आधी आपल्याला कळायला हवे.

जुन्या वास्तूला पुरातत्त्व म्हणून जपणे वेगळे. नार्वेच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला. त्या देवळाची दुरुस्ती राज्याने केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले, याचा मला आनंद आहे. जुन्या गोव्यातल्या इगर्जी १९८६ पासून जागतिक वारशात आहेत, त्यांवरही सार्वजनिक पैसा खर्च होतो. फोंड्याची साफा मशीद १५६० ची, तीही संरक्षित वास्तू. या तिन्हींना एकच नियम लागतो, वय आणि कारागिरीचा. तो नियम मला पटतो.

२०२२ च्या अर्थसंकल्पात पाडलेल्या देवळांच्या पुनर्बांधणीसाठी २० कोटींची तरतूद झाली. इथे मी थांबतो. उत्खनन करा, शिलालेख वाचा, कोणते देऊळ कुठे होते त्याचा नकाशा करा, शाळांच्या पुस्तकात घाला. त्यावर हवा तितका पैसा खर्चा. पण नवे देऊळ उभारायचे तर ते भक्तांनी उभारावे. फोंड्यातली आपली मोठी देवळे कुणी बांधली? महाजनांनी, व्यापाऱ्यांनी, कुळांनी, पोटाला चिमटा काढून. सरकारी पैशातून आलेल्या देवळाच्या पाटीवर मंत्र्याचे नाव येते, आणि सरकार बदलले की त्या देवळाच्या दुरुस्तीचा अर्ज पुढच्या मंत्र्याच्या मर्जीवर पडून राहतो. देवाला निविदेच्या रांगेत उभे करू नये असे मला मनापासून वाटते.

यात्रांचे म्हणाल तर राज्याच्या देवदर्शन योजनेत वेलांकणीचे चर्चही आहे, तेव्हा ती एकाच धर्मापुरती नाही हे मान्य. कायद्यानेही ती टिकेल. हजच्या अनुदानावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी जात नसेल तर २७ व्या कलमाचा भंग होत नाही. तरीही पुढच्याच वर्षी न्यायालयाने ते अनुदान दहा वर्षांत हळूहळू बंद करायला सांगितले, आणि २०१८ मध्ये सरकारने ते थांबवले. मला विचाराल तर ज्येष्ठांना वर्षातून एकदा प्रवासाचे भाडे द्यावे, कुठे जायचे ते त्यांचे त्यांनी ठरवावे. सांग्याची एखादी आजी तिरुपतीला जाईल, दुसरी मुंबईला लेकीकडे जाईल. दोघींचे पाय सारखेच दुखतात.

सरकारने जे कधीही टाळू नये ते वेगळेच आहे. शिरगावला लईराईच्या जत्रेला लोक लोटतात, गोंयच्या सायबाच्या (संत फ्रान्सिस झेवियरच्या) शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यात देशोदेशीचे लोक येतात. तिथे पाणी, शौचालये, रुग्णवाहिका, रस्ता रुंद करणे, गर्दीचा अंदाज घेणे हे सरकारचेच काम. २०२५ च्या मे महिन्यात शिरगावला चेंगराचेंगरीत माणसे दगावली. त्या घरांत आजही दुःख आहे. तिथे धर्मापासून लांब राहायचे म्हणून सरकारला हात बांधून बसता येत नाही. धोंड, म्हणजे लईराईचे व्रतस्थ भक्त, अग्निदिव्य कसे करतात त्यात पडू नये, पण उतारावर किती माणसे मावतात ते मोजलेच पाहिजे.

समान नागरी कायदा गोव्यात आहेच. म्हणजे धर्म आणि कायदा आपल्याकडे पूर्ण वेगळे झाले असे मानायचे का? (कॉलेजातली वाचक, सासष्टी)

बरेचसे वेगळे झाले, पूर्ण नाही. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून इथे लागू झाली, आणि १९१० च्या कायद्यांनी लग्न ही सरकारी नोंद ठरली. म्हणून मांडवातल्या सप्तपदीवर आपले लग्न सरकारदरबारी उभे राहत नाही, निबंधकापुढे पहिली आणि दुसरी सही लागते. बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत अर्धा वाटा आणि मुलीला मुलाइतका वारसा, हे या कायद्याचे मोठे देणे. माझ्या आईच्या सहीवाचून आमच्या घराचा विक्रीखतावर व्यवहार होऊ शकला नाही, तेव्हा त्याची किंमत मला कळली.

पण १९४० मध्ये पोर्तुगालने व्हॅटिकनशी करार केला आणि १९४६ च्या हुकमाने इगर्जीतल्या लग्नाला वेगळी वाट दिली. तिथे पाद्रीची नोंदच निबंधकाकडे जाते. आणि हिंदूंसाठी १८८० चा हुकूम कागदावर अजून आहे. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल नसेल किंवा तिसाव्यापर्यंत मुलगा नसेल, तर तिच्या संमतीने नवऱ्याला दुसरे लग्न करू देणारा. हे कलम तुम्ही वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. मुलगा नाही म्हणून दुसरी बायको, हे लोकशाही राज्याच्या कायद्यात एक दिवसही राहता कामा नये. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याचा दाखला देशाला दिला, त्याचा अभिमान बाळगायचा तर आधी हे पान फाडायला हवे.

निवडणुकीत उमेदवार देवळात नारळावर हात ठेवायला लावतात. २०२२ मध्ये एका पक्षाने उमेदवारांनाच शपथा दिल्या. हे कायद्यात बसते का? (वाचक, पेडणे)

तुम्ही काँग्रेसच्या उमेदवारांविषयी लिहिले आहे. पणजीचे महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा खुरीस (क्रूस) आणि बेतीचा दर्गा, तिन्हीकडे त्यांनी पक्ष सोडणार नाही म्हणून शपथ घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात अकरांपैकी आठ आमदार भाजपात गेले. भाविक माणसाला याचे वाईट वाटले ते मी गावोगावी ऐकले. आमदाराला बांधणारी शपथ घटनेच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि पक्षांतराला दहावे परिशिष्ट आहे. ते ढिले पडले असेल तर संसदेने घट्ट करावे. देवीला जामीन ठेवून ते काम होणार नाही.

मतदाराला शपथ घालणे मात्र सरळ गुन्हेगारी वळणाचे आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३. देवाचा कोप होईल असा विश्वास बसवून मत वळवणे हा भ्रष्ट आचार आहे. धर्माच्या नावावर मत मागणे हाही, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मतदाराचा धर्मही धरला. शिवाय १९८८ च्या कायद्याने देवळाच्या, इगर्जीच्या, मशिदीच्या आवारात राजकीय प्रचाराला बंदी आहे. समिती पदाधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, कारण त्यांच्यावरही कारवाई होते.

तक्रार करायची तर कोण बोलले, कुठे, किती वाजता, कोण हजर होते हे त्याच दिवशी लिहून ठेवा. मोबाईलवरचे चित्रण पुसू नका. आचारसंहितेच्या काळात आधी निर्वाचन अधिकाऱ्याकडे लेखी द्या आणि पोच घ्या. निवड रद्द करायची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत पर्वरीला उच्च न्यायालयात याचिका दाखल करावी लागते. ती मतदारालाही करता येते, आणि ४६ व्या दिवशी कुणी ऐकत नाही.